कर्करोगाचा रुग्ण आणि आपली सोबत
(अभ्यासलेख)



'कर्करोग' हा शब्द आपल्या घरांत सहसा मोठ्याने उच्चारला जात नाही. 'त्यांना तो आजार आहे', 'गाठ निघाली म्हणे', असे आवाज खाली करून बोलले जाते. रुग्ण शेजारच्याच खोलीत असतो आणि ही कुजबुज त्याला ऐकू येते. आपल्याविषयी सगळे बोलतात, पण आपल्याशी कोणी बोलत नाही, हे त्याला कळून चुकते. त्या क्षणापासून तो भरल्या घरात एकटा पडतो.

प्रस्तुत पाठाचा विषय हा एकटेपणा आहे. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार, ज्याला आपण 'शेक' म्हणतो, हे डॉक्टरांचे काम आहे. परंतु रुग्ण दवाखान्यात थोडे दिवस असतो. घरात, वस्तीत, नातलगांत बरेच दिवस असतो. त्या दिवसांत त्याच्या मनाला आधार देणे हे आपले काम आहे. ते दयेपोटी करायचे नाही. तो उपचाराचाच एक भाग आहे. कारण घाबरलेला माणूस तपासणी टाळतो, उपचार अर्धवट सोडतो किंवा भलत्याच ठिकाणी जाऊन फसतो. आपल्या बीड जिल्ह्याने हे फार जवळून पाहिले आहे.

१. भीतीची किंमत

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. राज्य शासनाने विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. त्या वेळच्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती घेण्यात आली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे शंभरात सुमारे सतरा. यांतील कित्येक जणी ऐन उमेदीच्या वयातल्या होत्या.

याची कारणे अनेक आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, खाडा परवडत नाही, फडावर पाण्याची आणि संडासाची सोय नसते. पण अनेक स्त्रियांनी आणखी एक कारण सांगितले. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते, म्हणून त्या दवाखान्यात गेल्या आणि 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' असे त्यांना सांगण्यात आले. त्या एका शब्दापुढे कोणी काही विचारले नाही. कर्ज काढून शस्त्रक्रिया झाली.

येथे समजून घेण्याची गोष्ट ही, की पांढरे जाणे हे बहुतेक वेळा जंतुसंसर्गामुळे असते आणि औषधाने बरे होते. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. त्याच्या आधीची अवस्था बरीच वर्षे चालते आणि साध्या तपासणीत ती सापडू शकते. संभोगानंतर रक्त जाणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त स्राव ही लक्षणे असतील तर तपासणी तातडीने करावी. पण तपासणी न करता 'पुढे होईल' म्हणून पिशवी काढून टाकणे हा उपाय नव्हे.

याच भीतीचे दुसरे टोकही आपण पाहतो. एखादी बाई छातीतली गाठ महिनोन् महिने पदराखाली लपवून ठेवते. एखादा गडी तोंडातला न भरणारा फोड कोणाला दाखवत नाही. 'नाव निघाले तर काय करायचे?' हा विचार त्याला खातो. एक जण भीतीने गरज नसताना कापून घेतो आणि दुसरा भीतीने गरज असताना दवाखान्याची पायरी चढत नाही. दोघांनाही त्या वेळी एकाच गोष्टीची उणीव होती. "थांब, आधी नीट तपासून घेऊ, मी येते तुझ्यासोबत," असे म्हणणारे माणूस त्यांच्याजवळ नव्हते.

२. दोन बाण आणि आजारी भिक्खू

या विषयावर तथागतांची शिकवण अत्यंत व्यवहारी आहे. संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात बाणाची उपमा येते. माणसाला एक बाण लागतो, तो शरीराच्या वेदनेचा. पण त्या वेदनेपाठोपाठ तो शोक करतो, घाबरतो, स्वतःला दोष देतो. हा त्याला लागलेला दुसरा बाण होय. पहिला बाण काढणे वैद्याच्या हाती आहे. दुसरा बाण लागू न देणे, लागलाच तर अलगद काढणे, यात सोबतीचा मोठा वाटा आहे.

विनयपिटकातील महावग्गात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. त्याला हगवण लागली होती आणि तो स्वतःच्या घाणीत पडून होता. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि बिछान्यावर निजवले. मग संघाला समजावले, की तुम्हाला येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील? त्याच ठिकाणी शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले आहेत. त्याला औषध देता यावे, पथ्य-कुपथ्य कळावे, मनात लोभ नसावा, मलमूत्राची किळस नसावी आणि वेळप्रसंगी चार गोष्टी बोलून रुग्णाचे मन प्रसन्न करता यावे. मनाला उभारी देणे हे अशा रीतीने औषधाच्याच ओळीत बसवले आहे. रुग्णालाही एक सूचना आहे : आपला त्रास खराखुरा सांगावा, लपवू नये.

आणखी एक मुद्दा आपल्या समाजात स्पष्ट बोलला पाहिजे. रुग्णाला हमखास ऐकवले जाते, 'मागच्या जन्मीचं काहीतरी असेल.' असे बोलणे म्हणजे दुसरा बाण मारणेच होय. सीवक सुत्तात भगवंतांनी सांगितले आहे, की वेदना पित्त, कफ, वात, ऋतुबदल, आहार-विहारातील हयगय, बाहेरचा आघात अशा नाना कारणांनी होतात. सगळे काही पूर्वकर्माचे फळ, असे म्हणणे बरोबर नाही. पूज्य बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माने आजचे दुःख ठरते ही कल्पना नाकारली आहे. कर्करोग म्हणजे शरीरातील पेशींची बेसुमार वाढ होय. तंबाखू, गुटखा, मिश्री, काही विषाणू, वाढते वय अशी त्याची अनेक कारणे आहेत. कित्येकदा नेमके कारण सापडतच नाही. तंबाखू खाणाऱ्यालाही 'आता भोग' असे म्हणू नये. तंबाखू सोडायला त्याला मदत करावी. दोष देऊन कोणाचे व्यसन सुटत नाही.

३. सांगावे की लपवावे?

आपल्याकडे नातलग डॉक्टरांना गाठून सांगतात, 'साहेब, त्यांना नाव सांगू नका, खचून जातील.' हेतू प्रेमाचाच असतो. परंतु रुग्ण कर्करोगाच्या दवाखान्यात रांगेत बसतो, पाट्या पाहतो, शेजारच्या रुग्णाशी बोलतो. त्याला कळते. मग तो घरच्यांना त्रास नको म्हणून कळले नसल्याचे दाखवतो आणि घरचे त्याला त्रास नको म्हणून काही नसल्याचे दाखवतात. दोघेही रात्री वेगवेगळ्या अंथरुणावर जागे असतात.

याला मधला मार्ग आहे. सगळे एकदम सांगू नये आणि खोटेही बोलू नये. रुग्णालाच विचारावे, "दादा, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला जाणून घ्यायचंय का? किती सांगू?" तो 'हो' म्हणाला तर सोप्या शब्दांत, थांबत थांबत सांगावे. 'आत्ता नको' म्हणाला तर त्याचे ऐकावे व पुन्हा कधीतरी विचारावे. सांगताना पुढची पायरीही सांगावी : उपचार कोणता, कुठे, सोबत कोण येणार. पुढची वाट दिसली म्हणजे भीती आटोक्यात येते.

किती दिवस जगणार, याचे भाकीत मात्र आपण करू नये. २००४ साली शरद पवार यांच्या तोंडाच्या कर्करोगावर उपचार झाले आणि त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ ते सार्वजनिक जीवनात वावरले. माजी उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील यांचे फेब्रुवारी २०१५ मध्ये तोंडाच्याच कर्करोगाने निधन झाले. आजाराचे नाव ऐकून मरण गृहीत धरू नये आणि 'काही होत नाही' अशी खोटी हमीही देऊ नये, एवढा बोध यातून घ्यावा.

४. काय बोलावे, काय टाळावे

भेटायला जाणारे वाईट मनाचे नसतात, पण बोलताना चुकतात. 'आमच्या एका पाव्हण्याला असंच झालं होतं, तीन महिन्यांत गेला', हे बोलणे कटाक्षाने टाळावे. 'टेन्शन घेऊ नको', 'रडू नको', 'मन घट्ट कर' ही वाक्येही वाटतात तितकी निरुपद्रवी नाहीत. रडणाऱ्याला त्यातून एवढेच कळते, की याच्यापुढे आपण रडू शकत नाही. तो पुढच्या वेळी गप्प राहतो.

त्याऐवजी जवळ बसावे व म्हणावे, "आक्का, आज कसं वाटतंय? बोलावंसं वाटलं तर बोला, नाहीतर नुसतं बसू." तिने भीती बोलून दाखवली तर उत्तर देण्याची घाई करू नये. "भीती वाटणारच," एवढे म्हटले तरी पुष्कळ होते. आणि 'काही लागलं तर सांगा' असे मोघम बोलण्यापेक्षा ठोस सांगावे, "गुरुवारी शेकाला जायचं ना? मी येतो सोबत." "पोरांचा डबा आठ दिवस माझ्याकडे."

काही गैरसमजांनी रुग्णाला फार लागते. कर्करोग हा शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, जवळ निजल्याने पसरत नाही. बाहेरून यंत्राने शेक घेतलेल्या माणसापासून लेकराबाळांना धोका नसतो. ज्यांच्या आई-आजींनी शिवाशिवीचे चटके सोसले, त्यांच्या घरात आजारी माणसाचे भांडे वेगळे ठेवले जाऊ नये. केमोथेरपीच्या काळात जंतुसंसर्गापासून त्याला जपावे लागते, म्हणून सर्दी-तापाच्या माणसाने लांब राहावे. पण ते त्याच्या रक्षणासाठी असते, आणि तसे त्याला सांगावे.

५. उपचार संपल्यावर

शेवटचा शेक झाला, डॉक्टरांनी 'आता तीन महिन्यांनी या' म्हटले, की घरात आनंद होतो. येणे-जाणे थांबते. सगळ्यांच्या लेखी आजार संपतो. रुग्णाच्या मनात मात्र येथून नवे दिवस सुरू होतात. इतके दिवस डॉक्टर, नर्स, रांगेतले सोबती होते. आता कोणी नाही. डोके दुखले तरी 'पुन्हा आले काय?' असे वाटते. तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. थकवा महिनोन् महिने राहतो. तो आळस नव्हे, हे घरच्यांनी लक्षात घ्यावे.

शरीरातले बदलही मनाला बोचतात. केमोथेरपीने गेलेले केस बहुधा परत येतात. पण स्तन काढलेली स्त्री आरशासमोर उभी राहत नाही. जबड्याची शस्त्रक्रिया झालेला माणूस लग्नाच्या पंगतीत बसत नाही. बोलणे स्पष्ट येत नाही, घास ओघळतो, लोक पाहतात. अशा वेळी नवऱ्याचे, बायकोचे वागणे फार महत्त्वाचे ठरते. त्याला पंगतीला आग्रहाने बोलवा, शेजारी बसा, मऊ भात वाढा आणि टक लावून पाहू नका.

आपल्या जिल्ह्यात यात एक खास अडचण आहे. दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तपासणीची तारीख नेमकी गळिताच्या हंगामात येते. उचल घेतलेली असते. सुट्टी मागायची कशी? म्हणून तारीख चुकते आणि मनात भीती साचत राहते. निघण्यापूर्वी डॉक्टरांना आपले कामाचे महिने सांगून तारखा ठरवून घ्याव्यात, कागदांच्या दोन प्रती कराव्यात, मुकादमाला दोघा-चौघांच्या साक्षीने आधीच कल्पना द्यावी. हे काम वस्तीतला एखादा शिकलेला मुलगा सहज करू शकतो. 'तारीख माझ्या लक्षात आहे' असे कोणी म्हणाले, की रुग्णाचे अर्धे ओझे उतरते.

६. मन आजारी पडले तर

दुःख होणे स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदासी, झोप नाही, कशातच मन रमत नाही, 'मी ओझं झालो', 'सुटका झाली तर बरं' असे बोलणे असेल, तर ते नैराश्य असू शकते. हा मनाचा दुबळेपणा नव्हे. त्यावर उपचार आहेत. 'जीव द्यावासा वाटतो का?' असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट माणूस मोकळा होतो. अशा माणसाला एकटे ठेवू नये. बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे मानसोपचारतज्ज्ञांना दाखवता येते. केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते.

वेदनेविषयीही असेच. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली सॉंडर्स यांनी मांडले, की रुग्णाची वेदना चौपदरी असते : शरीराची, मनाची, घरसंसाराची आणि जगण्याच्या अर्थाची. एका पदराकडे दुर्लक्ष केले तर बाकीचे तीन वाढतात. म्हणून दुखणे सोसणे हा पराक्रम नव्हे. दुखते हे डॉक्टरांना सांगावे. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिनसारखे औषध सुरक्षितपणे देता येते.

आणि सोबत करणाऱ्याला विसरू नये. बहुतेक घरांत ही सोबत बायको, लेक किंवा सून करते. तिचे जेवण झाले का, ती झोपली का, हे कोणी विचारत नाही. आठवड्यातून एक दुपार दुसऱ्या कोणी रुग्णाजवळ बसावे आणि तिला मोकळे करावे.

७. इतरांनी काय केले

हे सर्व अशक्य वाटत असेल तर शेजारी पाहावे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाशी संलग्न अशी ग्रामीण भागातील देशातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली सुरू झाली. तेथील कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी लक्षणांविषयी बोलत. या बोलण्यानेच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या, असे आढळले. पुढे तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते, हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. या स्त्रिया आपल्यासारख्याच खेड्यांतल्या होत्या. कोणीतरी दारात येऊन धीराने बोलले, म्हणून त्या आल्या.

मुंबईत स्वतः कर्करोगातून गेलेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ साली 'व्ही केअर' ही संस्था सुरू केली. तिचे स्वयंसेवक रुग्णांना भेटतात. त्यांत आजारातून उठलेली माणसेही असतात. 'मीही या रांगेत होते' या एका वाक्याने जो धीर येतो, तो इतर कशाने येत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या गरीब रुग्णांना आणि नातलगांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आसरा मिळतो. बाबांचे नाव तेथे खऱ्या अर्थाने चालते आहे. केरळात कोळिकोड येथे १९९३ साली वेदनाशमनाची संस्था निघाली आणि पुढे गावोगावच्या साध्या माणसांनी शिकून, आठवड्यातून थोडा वेळ देऊन, घरी पडून असलेल्या रुग्णांची देखभाल उभी केली. त्यांत शेतकरी, शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी सगळे होते.

८. आपण काय करू शकतो

प्रत्येक विहारात पाच जणांचा, त्यांत किमान दोन स्त्रियांचा, सोबतीचा गट असावा. वंदना झाल्यावर दहा मिनिटे कोणाला काय गरज आहे ते पाहावे. एकाने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रे, रुग्णालयातील आरोग्यमित्र, एस.टी. व रेल्वेची सवलत यांची माहिती ठेवावी. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाची वाट, तेथली राहण्याची सोय त्याला ठाऊक असावी. एकाने तारखांची वही ठेवावी. एखादीला 'पिशवी काढा' असे सांगितले गेले, तर शासकीय रुग्णालयात दुसरा सल्ला घेण्यासाठी गटातल्या बाईने तिच्यासोबत जावे. आजारातून उठलेल्यांना गटात मानाने घ्यावे. आणि एक नियम सर्वांनी पाळावा : रुग्णाने विश्वासाने सांगितलेले पारावर बोलायचे नाही.

यासाठी मोठा निधी लागत नाही. लागतो तो वेळ, आणि घाबरलेल्या माणसाजवळ न घाबरता बसण्याची सवय. आपण रोग बरा करू शकणार नाही. पण त्या रोगात कोणी एकटे राहणार नाही, एवढे आपल्या हाती निश्चित आहे.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीत कर्करोगाचे नाव उघड घेतले जाते का? नसल्यास का?
२. रुग्णाला भेटल्यावर आपण नेहमी कोणती वाक्ये बोलतो? त्यांतली कोणती सोडावीत?
३. हंगामावर गेलेल्या रुग्णाची तपासणीची तारीख चुकू नये म्हणून आपला गट काय करील?
४. उपचार संपून सहा महिने झालेला कोणी आपल्या ओळखीत आहे का? त्याला शेवटचे कधी भेटलो?